रविवारचा शिवणक्लास

प्रिय आत्या,

आजोबांचा माग काढत मी मनोरुग्णालयाच्या जुन्या दप्तरापर्यंत पोचले. ते घर सोडून पळाले, असंच तू आम्हाला सांगत आलीस. पण ते कामाला होते त्या छापखान्यातून त्यांना थेट तिथे नेलं होतं. अकरा वर्षांनी ते तिथेच वारले.

भेटायला येणाऱ्यांच्या वहीत दर रविवारी एकच सही आहे, तुझी. रविवारी तू शिवणाच्या क्लासला जायचीस ना? इतकी वर्षं क्लास करून तुला साधं बटण लावता येत नाही, म्हणून आम्ही किती थट्टा केली तुझी!

आधी रागच आला. बाबांनी जन्मभर बापाच्या नावानं बोटं मोडली आणि तू मुकाट ऐकलंस. मग केसपेपरवरची ओळ दिसली : ‘रुग्णाची विनंती, मुलाला कळू देऊ नये.’

काल बाबांचा फोन आला. “त्या माणसाचं काही सापडलं का गं?”

“सगळी पानं वाळवीनं खाल्लीत, बाबा,” मी म्हटलं.

हे पत्र पेटीत टाकता येणार नाही. तुला आता दिसत नाही, आणि तुझी पत्रं बाबाच वाचून दाखवतात. म्हणून रविवारी मीच येते. बाबांनी विचारलं तर सांगेन, आत्याकडे शिवण शिकायला आले.

तुझी भाची