दोन डाव्या बाह्या

प्रिय छकुली,

घराच्या नळजोडणीचा तपासणी अहवाल तुला वेगळा पाठवला आहे. घर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांना तो दाखवायचा का, ते हे पत्र वाचून ठरव. पाइप, टाकी आणि सांडपाण्याच्या वाटा यांबद्दल जे म्हणायचे ते सगळे त्यात आले आहे. हे पत्र मात्र फक्त तुझ्यासाठी आहे. दौऱ्यावरच्या त्या हॉटेलच्या खोलीत दार लावून, पाय वर घेऊन निवांत वाच. मध्येच फोन करू नकोस, कारण मला कोणतीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, हे तू जाणतेस. ‘ताईकडे पेलाभर पाणी मागितलं की ती आधी विहिरीची गोष्ट सांगते,’ असे लहानपणी तू सगळ्यांना सांगत फिरायचीस. आज ती विहिरीची गोष्ट तुला ऐकावीच लागेल.

तुझा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, विद्यार्थ्यांना पाइपांचे सांधे तपासायला शिकवत होते. ‘ताई, बाबांचं एकट्याचं आता काही खरं नाही,’ एवढे आधी म्हणालीस, मग एकेक सांगितलेस. सकाळी फोन केला की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, वार विसरतात, वाक्याच्या मध्येच शब्द हरवून बसतात. आणि मग तो कोट. तुझ्यासाठी हौसेने शिवायला घेतलेला करडा कोट, ज्याच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. ज्या माणसाने आयुष्यभर शिवणकाम केले, गिऱ्हाईक दारातून आत येताच ज्याच्या बोटांना त्याच्या खांद्याचे माप कळायचे, त्याच्या हातून हे झाले, हे तू दोनदा सांगितलेस. म्हणूनच तू वृद्धनिवासात खोली पाहिलीस. दौऱ्यावरून परतलीस की होकार कळवायचा, बाबांना तिथे पोचवायचे आणि घर विकायचे, असे ठरले. न्हाणीघराच्या भिंतीवरची ओल तुझ्या नजरेला आली होती, खरेदीदाराला तिची शंका नको, एवढ्यासाठी मला बोलावणे. ‘तू फक्त नळ बघ. बाबांना बघून रडत बसलीस तर माझा निश्चय मोडेल,’ असे बजावलेस. छकुली, मी शब्द पाळला. मी खरोखरच फक्त नळ पाहिले.

तपासणीचा माझा पहिला नियम असा की, जिथे डाग दिसतो तिथे आधी जायचे नाही. डाग लक्ष वेधून घेतो, आणि मग माणसाला बाकीचे घर दिसेनासे होते. म्हणून मी फाटकाजवळच्या मीटरपासून सुरुवात केली. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरमधल्या छोट्या चक्राकडे बघत राहायचे. ते फिरले तर कुठेतरी पाणी चोरून वाहते आहे असे समजावे. बाबा शिलाई मशीनपुढचे स्टूल उचलून माझ्याशेजारी येऊन बसले. चक्र काही हलेना. ‘झोपलंय ते,’ बाबा म्हणाले. मी म्हटले, ‘हे झोपलेलंच बरं असतं.’ त्यावर लगेच, ‘मग मी दुपारी जरा पडलो की तुम्ही दोघी एवढ्या घाबरता कशाला?’ हे संध्याकाळच्या उन्हातले बोलणे. असा टोला हाणणाऱ्या माणसाचे शब्द हरवले आहेत, हे मला पटेना. पण मी नळ पाहायला आले होते, म्हणून ते मनात बाजूला ठेवले.

मग स्वयंपाकघर. ओट्याखालच्या प्रत्येक सांध्याभोवती मी कोरडा कागद गुंडाळला, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबाची चुगली कागद लगेच करतो. एकही कागद भिजला नाही. मागच्या बंद खोलीतल्या मोरीला मात्र गटाराचा वास येत होता. मोरीखालच्या वाकड्या पाइपात थोडे पाणी कायम साठून राहावे लागते, तेच खालचा वास अडवून धरते. वापर थांबला की ते सुकून जाते. मी तांब्याभर पाणी ओतले आणि वास थांबला. मला या साधेपणाचा इतक्या वर्षांनंतरही अचंबा वाटतो, आणि तो मी बाबांना साग्रसंगीत ऐकवला. ते म्हणाले, ‘भिंतींची एवढी विचारपूस करतेस, बापाला जेवलास का म्हणून विचारलं नाहीस.’ तेवढ्यात समोरच्या घरातले कंपाउंडरकाका पत्ते घेऊन आले आणि मला दारात गाठून म्हणाले, ‘याला विसराळू म्हणता तुम्ही? रोज संध्याकाळी माझी अब्रू काढतो हा. कुणाच्या हातात कुठलं पान उरलंय, सगळं पाठ!’ काका मैत्रीखातर बाबांच्या विसराळूपणावर पांघरूण घालतात, असे तू म्हणाली होतीस. मलाही तसेच वाटले.

आता त्या ओलीकडे वळू. मीटर शपथेवर सांगत होते की पाइप गळत नाहीत. वरची गच्ची मी चढून पाहिली, ती खडखडीत कोरडी होती. तरीही न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या वरची भिंत ओलसर होती आणि त्या ओलीला तपकिरी कड होती. पाणी पाइपातून येत नाही, छतातून येत नाही, मग उरते काय? हवा. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ती वाफ आणि जळलेली हवा गीझरच्या डोक्यावरच्या पाइपातून घराबाहेर जायला हवी. ती भिंतीवर थिजत असेल, तर ती बाहेर जात नाही. आणि वाफ जात नसेल, तर तिच्याबरोबरचे दुसरे काही तरी जात नाही. हे लक्षात येताच मी हातातली बॅटरी खाली ठेवली आणि गीझरची कळ बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या अंघोळीआधी मी गीझर पेटवला. ज्योत निळी आणि ताठ असायला हवी. ती पिवळी आणि लोळणारी होती. काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर पाइपाच्या तोंडाशी धरला. तो वर ओढला जायला हवा होता. तो परतून माझ्या तोंडावर आला. तोच माझ्या पिशवीतले विषारी वायू ओळखणारे छोटे यंत्र किंचाळू लागले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाबांना दंडाला धरून अंगणात नेले. खांद्यावर पंचा, हातात साबण, आणि तोंडाने, ‘अगं, अंघोळ राहिली माझी!’ शिडी लावून पाइपाचे बाहेरचे तोंड पाहिले, तर त्यात पाखरांचे घरटे ठासून बसलेले. आत ना अंडी होती, ना पिल्ले. घरटे कशाचे होते सांगू? बाबा खिडकीतून झटकतात त्या चिंध्यांचे आणि दोऱ्यांचे. सगळ्यांत वरच्या थरात तुझ्या कोटाचे करडे धागे होते.

त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जी जागा असते ती तो बळकावतो, आणि मग सगळ्यांत आधी मेंदूची उपासमार होते. डोके दुखते, तोल जातो, शब्द सापडत नाहीत, डावे-उजवे कळत नाही. बाबांना कढत पाण्याची दीर्घ अंघोळ लागते, आणि अंघोळीनंतर लगेच ते कात्री हातात घेतात. तू कचेरीतल्या सकाळच्या चहाच्या सुट्टीत फोन करतेस, म्हणजे नेमके त्याच वेळी. दिवसभर दारे-खिडक्या उघडी राहतात, वायू उतरत जातो, आणि संध्याकाळी कंपाउंडरकाकांची अब्रू निघते. तू खरे सांगत होतीस आणि काकाही खरेच सांगत होते.

तुला फोनवर मी फक्त ‘गीझर बिघडला होता, बंद केलाय, बाबा बरे आहेत’ एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्याच दिवशी बाबांना दवाखान्यात नेले. आदल्या सकाळचा वायू रक्तातून उतरला होता, पण माझ्या यंत्राचा आकडा आणि रोज सकाळचा विसराळूपणा ऐकून त्यांना प्राणवायू दिला गेला, रात्रभर ठेवून घेतले. डॉक्टरीणबाई मोजून-मापून बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, वयाचा थोडा विसर राहीलही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, पण आज जे दिसतंय त्यावरून या माणसाला कुठेही हलवायची घाई करू नका. घरी आल्यापासून न्हाणीघरात विजेचा गीझर आहे, आणि सकाळचे बाबा संध्याकाळच्या बाबांसारखे दिसू लागले आहेत. काल त्यांनी मला शेजारच्या कापडवाल्याची नक्कल करून दाखवली आणि मी पोट धरून हसले.

एक गोष्ट अहवालात एका ओळीत आहे आणि तुला ती आधी तिथे वाचायला मिळावी असे मला वाटले नाही. गीझरसमोरच्या भिंतीत हवा येण्यासाठी जी जाळीची झडप होती, तिच्यावर फळी ठोकलेली होती आणि फटींत कापडाच्या पट्ट्या नीट दुमडून बसवल्या होत्या. गेल्या थंडीत बाबांचा खोकला थांबत नव्हता, तेव्हा ती फळी तू ठोकलीस. बाबांनी मला दोनदा विनवले, ‘तिला सांग, मीच ठोकून घेतली. म्हाताऱ्याला थंडी सोसत नव्हती म्हणावं.’ मी त्यांना नाही म्हटले. तुझ्यापासून लपवलेले तुला एक दिवस कळतेच, आणि मग ते दुप्पट बोचते. म्हणून सरळ लिहिते आहे, आणि तितक्याच सरळपणे पुढचेही लिहिते. तसा गीझर न्हाणीघरात बसवायलाच नको होता. बसवणाऱ्याने ‘ही झडप बंद करू नये’ असे तिच्यावर लिहायला हवे होते. घरटे तुला दिसणे शक्यच नव्हते. आणि भिंतीवरची ती ओल कोणी पाहिली? आपल्या सर्वांत फक्त तू. तू ती पाहिली नसतीस, तर मी आले नसते, आणि वृद्धनिवासात जाण्यापूर्वीच एखाद्या सकाळी बाबा अंघोळीहून बाहेर आले नसते. ज्या माणसाच्या हातांनी फळी ठोकली, त्याच माणसाच्या डोळ्यांनी बाबांना वाचवले. तपासनीस म्हणून माझा निष्कर्ष हाच आहे, आणि त्यावर मी सही करायला तयार आहे.

फोनवर हे सांगितले असते, तर बातमीतले फक्त फळीचे वाक्य तुझ्या कानात राहिले असते आणि परतीच्या सगळ्या प्रवासात तू तेच उगाळत बसली असतीस. म्हणून पत्र, आणि म्हणून एवढी लांबण. माझे मागणे एवढेच आहे: वृद्धनिवासाला होकार कळवू नकोस आणि घराचा सौदा इतक्यात करू नकोस. खोली काही आठवडे थांबेल का एवढे विचार, आणि नसेल थांबणार तर जाऊ दे. थेट इकडे ये. झडपेवरची फळी मी अजून काढलेली नाही; गॅसचा गीझर गेला आहे, तिच्यापासून आता धोका नाही. ती तू स्वतःच्या हातांनी काढावीस असे मला वाटते, पक्कड मी काढून ठेवली आहे. आणि तो कोट. काल सकाळी, अंघोळीनंतर लगेच, बाबांनी उरलेले करडे कापड टेबलावर पसरले, खडूने रेघ मारली आणि उजवी बाही कापली. एका घावात. मी दारातून पाहत होते. बाही टाचून द्या, मी तिला पाठवते, असे म्हटले, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘अंगावर घालून बघितल्याशिवाय बाही बसवायची नसते, एवढंही कळत नाही? तिला म्हणावं, खांदा घेऊन ये.’

वाट पाहते.

तुझीच,
ताई