सलाईन न लावणाऱ्या सिस्टरांविरुद्धची माझी तक्रार रद्द करा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
गृहशुश्रूषा विभाग, नाशिक

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेली तक्रार रद्द करून परिचारिका सगुणाबाई गावित यांच्या घरभेटी पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. ३ जून २०२५
२) आपल्या कार्यालयाची श्रीमती गावित यांना नोटीस, दि. ११ ऑगस्ट २०२५

महोदय,

अर्जदार जयराम पुंजा शेवाळे, वय ६८, हा देवळ्याच्या बाजारात एकतीस वर्षे कांद्याचा मापारी होता. काट्यावर दिसेल तेवढेच खरे, ही सवय त्याला तिथे लागली. सदर तक्रारीचे मूळ त्या सवयीत आहे.

१. अर्जदाराची पत्नी मालनबाई यांचा कर्करोग यकृतात पसरला. पुढील उपचारांचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगताच त्या म्हणाल्या, "मग मला घरी न्या. इथं नळ्या मोजत पडायचं नाही." अर्जदाराने विरोध केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या विरोधाचा जो निकाल लागत आला, तोच लागला.

२. आपल्या विभागातर्फे सिस्टर सगुणाबाई घरी येऊ लागल्या. गावाकडून भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "सलाईन लावली का?" नाही म्हणताना अर्जदाराची मान खाली जाई. बाटली टांगलेली दिसली नाही, तर नवऱ्याने बायकोसाठी काही केले असे देवळ्याकडे कोणी धरत नाही. सबब अर्जदाराने लेखी तक्रार दिली : सिस्टर सलाईन लावत नाहीत, रुग्णास ठेचा खाऊ देतात, गोळ्या देऊन झाल्यावरही तासभर बसतात, आणि आजारी घरात मोठ्याने हसतात.

३. चारही मुद्दे खरे आहेत. त्यांना दोष म्हणणे ही अर्जदाराची अक्कल. सलाईनने पाय आणि पोट आणखी सुजले असते, हे सिस्टरांनी त्याला तीनदा समजावले. चौथ्यांदा त्याला समजले. ठेच्याचे म्हणाल, तर दोन महिन्यांत प्रथमच पत्नीने अर्धी भाकरी मागून खाल्ली. वेदनेच्या गोळ्या वेळेवर मिळाल्याने त्यांना झोप लागू लागली, आणि सकाळी दारात खुर्ची टाकून त्या भाजीवाल्याशी वाद घालू लागल्या. हसण्याबाबत विचारणा केली असता पत्नी म्हणाल्या, "तुम्ही तोंड पाडून दारात उभे राहता ना, तेच सिस्टरांना करून दाखवत होते. जमलंय म्हणतात."

४. असे एकसष्ट दिवस मिळाले. दि. २९ जुलै रोजी पत्नी घरीच, न कण्हता वारल्या. या काळात तक्रार मागे घ्यायची राहून गेली. खरे सांगायचे तर कार्यालयात अर्ज वाचले जातात, याची अर्जदाराला कल्पना नव्हती.

५. आपल्या नोटिशीमुळे सिस्टरांच्या घरभेटी बंद झाल्याचे कळताच अर्जदार तक्रार मागे घ्यायला कार्यालयात आला. लिपिक श्री. योगेश म्हणाले, "काका, तक्रार रुग्णाच्या वतीनं आहे. रुग्णाची सही आणा." अर्जदाराने मृत्यूचा दाखला पुढे केला. तो त्यांनी सिस्टरांविरुद्ध पुरावा म्हणून फाइलला लावला. अर्जदार जितक्या वेळा येतो तितके प्रकरण भक्कम होते, म्हणून हा अर्ज टपालाने पाठवत आहे.

६. अर्जदाराच्या मागच्या गल्लीत साळूबाई राहतात. त्यांचाही आजार त्याच टप्प्यावर आहे आणि त्याही याच सिस्टरांच्या यादीत होत्या. डॉक्टरांना विचारून गोळ्या वाढवून द्यायला आता कोणी येत नाही. त्या दिवसभर कण्हतात. मुलगा मोतीराम कामावर गेला की अर्जदार त्यांच्याजवळ बसतो. त्या रोज विचारतात, "सिस्टरबाई कुठं गेल्या वो भाऊ? लय दिस झाले." अर्जदार सांगतो, "सुट्टीवर आहेत." ती सुट्टी कोणी दिली, हे सांगायची त्याची छाती होत नाही.

तरी शिक्षा करायचीच असेल तर ती अर्जदारास करावी, आणि सिस्टरांना उद्याच साळूबाईंकडे पाठवावे.

आपला, चूक कबूल असलेला,
(सही)
जयराम पुंजा शेवाळे
पाथर्डी फाटा, नाशिक
दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : साळूबाई यांच्या केसपेपरची प्रत, घराचा पत्ता व मोतीराम यांचा मोबाइल क्रमांक. दार दिवसभर उघडे असते.