सात अंगठे

बा, मी निवडणुकीला उभा राहिलो होतो. निवडणूक म्हणजे काय ते तुला सांगावं लागेल. जव्हारचं संस्थान आता राहिलं नाही, ते मुंबई राज्यात गेलं, आणि आपल्या डोंगरातून एक माणूस मुंबईच्या विधानसभेत पाठवायचा म्हणून सरकारनं गावोगाव पेट्या मांडल्या. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. ज्याला जो हवा, त्याच्या पेटीत आपला कागद टाकायचा. बायकांनीसुद्धा. काही म्हाताऱ्यांनी पेटीला हात जोडले, एकीनं तर झेंडूचं फूल वाहिलं. गवत कापणाऱ्यांना आणि लाकडं तोडणाऱ्यांना एकत्र करत मी वीसेक वर्षं पाडे हिंडलो, म्हणून लोक म्हणाले, आता तूच जा. मी ठाण्याला जाऊन अर्ज भरला. सही करताना हात थोडा थांबला. तुला वाटेल भीतीनं. पण मला आपला तो पहिला अर्ज आठवला होता.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि सूर्यमाळच्या आपल्या पाड्यात लिहिता येणारा मी एकटाच. दरवर्षी आवणीच्या, भातलावणीच्या ऐन दिवसांत लाकडाच्या ठेकेदाराची माणसं यायची आणि गड्यांना सागाचे ओंडके ओढायला धरून न्यायची. इकडं रोप लावायला माणूस नाही, भात वाफ्यातच पिवळं पडायचं. जव्हारच्या कचेरीतला अंमलदार खोडाळ्याच्या बाजाराला येणार असं कळलं तेव्हा मी म्हटलं, अर्ज देऊ. तू म्हणालास, "दे, पन सगळ्यांस इचारून दे." मी दोन पाडे फिरलो, तीसेक अंगठे जमले. सात गडी खाली वसईकडं कामाला गेलेले होते. बाजार दुसऱ्याच दिवशी. मी काजळी कालवली आणि त्या सातांच्या नावापुढं माझीच बोटं उठवली. अंगठा एकदाच वापरला, मग एकेक बोट, उजवा हात संपल्यावर डावा. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

खोडाळ्याला वडाखाली अंमलदार बसलाय, तू आणि मी पुढं उभे आहोत. तो कागद डोळ्यांजवळ नेतो आणि विचारतो, "या माणसाचा अंगठा एवढासा कसा? ही करंगळी आहे." मग तो नावं पुकारतो. सातांपैकी एक जण आदल्या संध्याकाळीच वसईहून परतलाय, बाजारात मीठ घ्यायला आलाय. नाव ऐकून तो गर्दीतून पुढं येतो आणि हात हलवत सांगतो, "म्या नाय लावला जी. मी तं हितं नव्हतोच." ठेकेदाराचा मुकादम मागं हसतो. आणि तू एक पाऊल पुढं टाकून म्हणतोस, "मी लावलं सायेब. पोरास निस्तं लिव्हाय सांगितलं व्हतं."

तुला आठ दिवस जव्हारला कोठडीत ठेवलं. अर्ज फाडला. त्या साली ठेकेदारानं डबल माणसं नेली, आणि ज्यानं अंगठा नाकारला होता त्याला सगळ्यात आधी नेलं. मुकादमाला वाटलं, हाही अर्जात होता आणि आता घाबरून नाही म्हणतोय. घाटात ओंडका घसरला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. तो पाय पुन्हा कधी सरळ पडला नाही.

तू सुटून आलास तेव्हा आईनं नागलीची भाकर आणि उडदाचं भुजिंग तुझ्यापुढं ठेवलं. तू सगळं खाल्लंस, हात धुतलेस, आणि चुलीपाशीच मला बोललास. तू ओरडला नाहीस. "ठेकेदार लोकांस न इचारता नेतो. तू बी न इचारता नेलंस. तुझ्यात नि त्याच्यात काय फरक रं?" आई भाकरी थापायची थांबली होती. मग तू उठलास, कोपऱ्यातली तुझी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकलीस आणि म्हणालास, "चल." नव्या अर्जासाठी अख्खा पावसाळा आपण हिंडलो. एका माणसासाठी आपण एका पाड्यात तीनदा गेलो. लोक नाही म्हणाले की तू पुढं एक शब्द बोलायचा नाहीस, तंबाखू देऊन उठायचास. पुढच्या साली जो अर्ज गेला त्यात एकही बोट माझं नव्हतं, आणि आवणीत गडी नेऊ नयेत असा हुकूम आला. दोन वर्षांनी तू तापानं गेलास. खोटे अंगठे तूच लावलेस असं सगळा मुलूख समजत राहिला, आणि मी समजू दिलं.

प्रचाराची शेवटची सभा खोडाळ्याला, बाजाराच्याच दिवशी होती. माझं बोलणं संपत आलं तेव्हा काठी टेकत एक म्हातारा उठला. तोच. त्यानं माझ्याकडं नाही, लोकांकडं तोंड केलं आणि म्हणाला, "याचे बापानं माझा आंगठा लावला, माझा पाय गेला. आता ह्यो म्हंतो माझं मत दे. ह्यो तिकडं मुंबईस कोनाकोनाचे आंगठे लावल?"

माझ्याबरोबरचा एक कार्यकर्ता कानाशी कुजबुजला, "मेलेल्या माणसाची गोष्ट आहे, माफी मागून टाका, मिटेल." खरंच मिटलं असतं. मी म्हणालो, "बानं नाही लावला. मी लावला. सातही मीच लावले. बा माझ्यासाठी कोठडीत गेला."

म्हातारा म्हणाला, "येवढी वर्सं मी तुझे बापास शिव्या दिल्या रं." आणि तो चालू लागला. मी मागं धावलो, पण त्यानं काठीनंच मला थांबवलं.

निवडणुकीत मी पडलो. थोडक्यानं नाही, चांगलाच पडलो. खोडाळ्याच्या बाजूला माझी पेटी जवळजवळ रिकामी निघाली. म्हाताऱ्यानं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. लाकूडतोडे मात्र अजून येतात, मजुरीचं भांडण घेऊन, आणि मी त्यांच्याबरोबर जातो. परवा दाभोसाच्या एकानं म्हटलं, "पडलास, पन खरं बोललास," आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहून ती शाबासकी घेतली.

ती माझी नाही, बा. म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा तुझं नाव माझ्या जिभेवर आलेलं होतं. मी माफी मागणार होतो, तुझ्या वतीनं. तेवढ्यात माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. आई तिथं बसली होती, आणि ती माझ्याकडंच पाहत होती. ती तिथं नसती तर मी काय बोललो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. हे तिला सांगायचं धाडस माझं झालेलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच ते या कागदावर लिहायचं धाडस झालं.