सिंकखालची चीर

दादा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि कळमनुरीच्या घरात तुम्ही जायच्या थोडंच आधी बसवून दिलेलं सिंक तेव्हापासूनच गळत होतं, हे तुम्हाला ठाऊक नसणार. माय रोज सकाळी ओट्याखाली वाकायची, थेंब येतो तिथं ओला साबण दाबून भरायची आणि खाली बादली सरकवायची. तुमच्या हातचं काम म्हणून दुसऱ्या कुणाला तिनं त्याला हात लावू दिला नाही. दोन महिन्यांपूर्वी बादली भरून वाहिली, माय फरशीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. धाकट्या भावानं नांदेडहून फोनवरच निकाल देऊन टाकला की प्लास्टर निघालं की रविवारी गाडी आणतो, घराला कुलूप लावतो आणि मायला फ्लॅटवर घेऊन जातो. माय मला एवढंच म्हणाली, "मला न्हाई जायचं. तिथं दिवसभर भिंतीकडं बघत बसू काय?" मी धाकट्याशी भांडले. रविवारी ओट्याखाली कोरडं दिसलं तर बघू, असं तो शेवटी कबूल झाला. मी बोलावलेला प्लंबर तीन दिवस "निघूनच राहिलो" म्हणत होता, म्हणून रविवारी सेनगावहून पहिली एसटी धरून मीच आले.

तुमची हत्यारांची पेटी उघडली आणि मी दहा वर्षांची होऊन शिरड शहापूरच्या एका मळ्यात उभी राहिले. तुम्ही बोअरमध्ये मोटार सोडताय. लोखंडी पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून, पाणी झिरपू नये म्हणून त्यावर सफेदा फासताय, आणि हट्ट करून बापासोबत आलेल्या माझ्या हातात तुम्ही पाना देता. मी जीव खाऊन आवळते. तुम्ही तो पाना काढून घेता, आणखी दोन फेरे मारता आणि शेतकऱ्यांसमोर हसून म्हणता, "पोरीचा हात हाय. ढिलाच राहणार." सगळे हसतात. त्या दिवसापासून घरात मी स्क्रूसुद्धा पिळला नाही. राग होता, दादा, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणूनच असेल, दुकानातून आणलेलं नवं वेस्ट कपलिंग, म्हणजे सिंकच्या तळाला पाणी जायला असतो तो प्लास्टिकचा जोड, बसवताना मी अगदी तुमच्यासारखं करायचं ठरवलं. जुनं सुटेना, तेव्हा करवतीच्या पात्यानं कापून काढलं. नव्याच्या आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला, तुमचाच पाना चढवला आणि दोन्ही हातांनी आवळत गेले. घाम आला तरी थांबले नाही. मग कट्ट आवाज झाला आणि प्लास्टिकचा नट उभा फाटला. दारात उभी असलेली माय आत जाऊन कपडे पिशवीत भरायला लागली.

फाटलेला नट हातात घेऊन मी खालीच बसले. बाजूला कापलेलं जुनं कपलिंग पडलं होतं. त्यावरचा साबणाचा थर नखानं खरवडला, तर खाली तशीच उभी चीर निघाली आणि बाजूला तुमच्या पान्याच्या दातांच्या खुणा. जन्मभर लोखंड आवळलेल्या हातांनी तुम्ही प्लास्टिकही तसंच आवळलं होतं. ते बसवलं त्याच दिवशी ते फुटलं होतं. मला खूप राग आला, आणि लगेच तुमची फार आठवण आली. या दोन्ही गोष्टी एकदम होतात हे मला माहीत नव्हतं.

पुन्हा दुकान गाठलं. दुकानदाराला खरं काय झालं ते सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, याला सूत न्हाई, सफेदा न्हाई, पाना तर बिलकुल न्हाई. रबरी वायसर बराबर बसवा अन् हातानं पिळा, जेवढं हातानं होईल तेवढंच." नवं कपलिंग घेऊन घरी आले आणि तसंच केलं. हाताला जिथं थांबावंसं वाटलं तिथं थांबले. भोकात फडक्याचा बोळा कोंबून सिंक काठोकाठ भरलं, ओट्याखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि बोळा काढला. सगळं पाणी धो धो गेलं, कागद कोरडाच राहिला. तरी मी आणखी चार वेळा सिंक भरून पाहिलं.

दुपारी धाकटा आला. चप्पल काढायच्या आधी तो ओट्याखाली वाकला, कागदावरून तळहात फिरवला, वरून तांब्याभर पाणी ओतून पुन्हा फिरवला. मग जेवला आणि तासाभरानं एकटाच परत गेला. मायनं पिशवीतले कपडे काढून परत फळीवर रचले, आणि मला जवळ बसवून विचारलं, "त्यांनी बशिवलं होतं तसंच बशिवलंस ना?"

मी म्हणाले, "व्हय, तसंच."

जुनं कपलिंग मी जाताना पर्समध्ये घालून सेनगावला नेणार आहे. तुमच्या हातच्या त्या चिरेमुळं ती घसरून पडली, हे तिला मी कधीच सांगणार नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं, पण आता लिहून बसले आहे.