खोडलेलं नाव

डीमन, नेदरलँड्स, मे २०२१, बुधवार संध्याकाळ

वैताग आणलाय या कवीनं! अडीचशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला पाद्री. गावात कोणी गेलं की शोकगीत लिहायचा. कोरोनामुळे लायडन विद्यापीठाची लायब्ररी बंद, म्हणून दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या हस्तलिखिताचे फोटो वाचत बसले. प्रत्येक गीतात त्याच ओळी. एका पानावर तर आधीच्या बाईचं नाव खोडून वर दुसरीचं लिहिलंय. खोडून! माझ्या प्रबंधात ठणकावून लिहिलं: याला दुःख नव्हतं, नुसती सवय होती.

तेवढ्यात पुण्याहून निरोप आला, नानाकाका गेले. तीन आठवड्यांत घरातलं हे चौथं माणूस. विमानं बंद. काय लिहायचं तेच सुचेना, म्हणून आत्या गेली तेव्हाचा माझाच श्रद्धांजलीचा मजकूर उचलून फॅमिली ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत काकांच्या मेघनाचा फोन. आवाज अगदी शांत. “ताई, त्यात शैलाआत्याचं नाव राहिलंय गं. बाबांचं घालतेस?”

मूर्ख कुठली मी! घातलं. मग प्रबंधातलं ते वाक्य काढून टाकलं.

त्यानं निदान आधीचं नाव आठवणीनं खोडलं तरी होतं.