वनजाबाई पोहायला जातात

मैसूर,
शुक्रवार, दुपार

प्रिय तुंगा,

रोज फोनवर बोलतो आणि आता हे पत्र कसलं, असं म्हणशील. अगं, फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. मधेच वेदा रडते, तू "आई, थांब जरा" म्हणतेस, आणि माझं वाक्य तिथंच राहतं. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईनं असं म्हणावं ही गंमतच, पण फोनवर मला खरं बोलता येत नाही. लोकांची बोलणी जोडून देण्याची सवय. स्वतःचं बोलण्याची कधी लागलीच नाही.

इथं सगळं ठीक. परसातल्या फणसाला यंदा इतके फणस लागले की वाटता वाटता हात चिकट झाले. तुझ्या नागोजीकाकांनी एका बैठकीत किती गरे खाल्ले कोण जाणे, दोन दिवस पोट धरून बसले, आणि दोष मात्र माझ्या फणसाला. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला दोसा आता ताटाबाहेर जाईल एवढा मोठा आणि कागदासारखा पातळ झालाय. मी मालकाला सांगून आले, दोसा खायचा असतो, नेसायचा नव्हे. सकाळी बागेतल्या बाकांवर रिटायर झालेली पुरुषमंडळी देश चालवतात आणि आम्ही बायका त्यांच्याभोवती फेऱ्या मारतो. देशाला बसणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांची गरज जास्त, असं माझं मत. पण ते कुणी विचारत नाही, म्हणून मी सुम्मने, आपली गुपचूप, पुढं जाते.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मी पोहायला जाते. हस नकोस. समोरच्या घरातली कमलाक्षी, कॉलेजच्या ग्रंथालयातून माझ्याच वर्षी रिटायर झालेली, ती एक दिवस म्हणाली, "गुडघ्याला चालण्यापेक्षा पाणी बरं, चल." सरस्वतीपुरमच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. पोहण्याचे कपडे घ्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो, तर तिथला माणूस विचारतो, "नातीचं माप काय, अम्मा?" कमलाक्षीनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "नात हीच." नागोजीकाकांच्या कानावर गेलंच. घरी येऊन खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "वहिनी, दादा असते तर हे चाललं असतं का?" मी म्हटलं, "ते असते तर मीच गेले नसते, भावजी. सकाळी त्यांची कॉफी, त्यांचा पेपर, त्यांची आंघोळ." बोलून गेले आणि दिवसभर तोंड कडू राहिलं. तुझे अप्पा वाईट नव्हते. त्यांनी कधी कशाला नको म्हटलं नाही. मीच कधी काही मागितलं नाही. पण ते गेल्यावर, तुंगा, दुःख ओसरल्यावर, एका सकाळी मी पाण्याबाहेर डोकं काढलं आणि मला छान वाटलं. अगदी छान. घरी येऊन त्यांच्या फोटोला हार घालताना मान वर करवेना.

मग संक्रांतीनंतर वेदा झाली आणि मी पुण्याला आले. ते दिवस मी विसरणार नाही. तिच्या टाळूला तेल भरताना तो श्वासासारखा खालीवर होणारा मऊ भाग, तिच्या मुठीत अडकलेलं माझं बोट. तुझ्या सासूबाई फोनवर माझ्या मराठीला हसायच्या, "सुम्मने म्हणजे काय हो?" त्याचंही मला काही वाटलं नाही. तू दमून झोपलेली असायचीस आणि मी तिला खांद्यावर टाकून गॅलरीत उभी राहायची. खाली इतक्या उंचीवरून गाड्या खेळण्यातल्या दिसायच्या. मला तिथं एकही माणूस नावानं ओळखत नव्हता. लिफ्टमध्ये सगळ्यांसाठी मी 'वेदाची आजी'. तू मला काही कमी केलं नाहीस. तरी मी बाथरूमचा नळ सोडून दोनदा रडले आहे. तू विचारलंस, डोळे लाल का, तर मी म्हटलं, शाम्पू गेला. चैत्र संपता संपता मी निघाले ते पेन्शनच्या कामाला म्हणून. पेन्शनचं काम एका सकाळीत झालं. त्यानंतर इतके दिवस मी इथं काय करते आहे, हे तू विचारलं नाहीस, हा तुझा मोठेपणा.

आणि त्याच आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "आई, आता कायमचीच येशील ना? घर भाड्यानं देऊ." मी हो म्हटलं. चटकन, विचार न करता, जसं आयुष्यभर म्हणत आले. त्या एका 'हो'वर तू समोरच्या पाळणाघरातली जागा सोडलीस, मधली खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीस, बढती घेतलीस. जावईबापू अर्धा महिना फिरतीवर. म्हणजे सगळं माझ्या शब्दावर उभं आहे. हे मला ठाऊक आहे, तुंगा. रात्री कूस बदलताना पहिलं तेच आठवतं.

तुला बन्नूरचं काय आठवतं? तुझ्या आजीचं घर, मागं उसाचं शेत, पाटाचं पाणी? माझी रजा संपली तेव्हा तू जेमतेम बसायला लागली होतीस. एक्स्चेंजमध्ये पाळ्या, कधी पहाटेची, कधी रात्रीची. मी तुला उचललं, बन्नूरच्या बसमध्ये बसले आणि आईच्या मांडीवर देऊन आले. सुमित्राबाईंच्या हातात नात दिली, आता काळजी नाही, असं सगळी गल्ली म्हणाली. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तू तिथं वाढलीस. मी शनिवारच्या बसनं यायची, तर तू दारामागं लपायचीस. तिला आई म्हणायचीस आणि मला वनजा. मला लागायचं, पण आईवर राग यायचा नाही. तिच्यामुळं माझी नोकरी टिकली. त्या नोकरीवर तू शिकलीस, हे घर उभं राहिलं. तेव्हा वाटायचं, तिला काय, तिला आवडतंच.

तिच्या शेवटच्या वर्षी मी तिची वेणी घालत होते. केस उरलेच नव्हते, बोटाएवढी वेणी. ती अचानक म्हणाली, "ती मशीन विकायला नको होती गं." मला कळेना, कुठली मशीन. मग आठवलं. माझ्या लग्नानंतर तिनं शिलाई शिकून घेतली होती. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची, पेठेतल्या शिंप्यापेक्षा बरी. सरगूर गावाहूनसुद्धा कापड यायचं. तू रांगायला लागलीस आणि एकदा सुईकडं हात नेलास, तशी तिनं मशीन विकून टाकली. मी म्हटलं, "आई, तेव्हा बोलली का नाहीस?" तर हसली आणि कानडीतच म्हणाली, "यारू केळलिल्ल." कुणी विचारलंच नाही. रागानं नव्हे. पाऊस आला नाही, असं सांगावं तसं. माझ्या हातातली वेणी तशीच राहिली. मी खरंच विचारलं नव्हतं. तिच्या दारात उभी राहून तुला पुढं केलं होतं, एवढंच.

हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. उलट, त्यामुळंच मला जास्त लाज वाटते. आईनं माझं मूल वाढवलं आणि माझी पाळी आली तेव्हा मी अंग काढून घेते आहे, हे मला दिसतं. मंगळवारी तलावावर पहिल्यांदा मी खोल पाण्याच्या बाजूला गेले. शिकवणारी बाई काठावरून ओरडत होती, "कै बिडी अम्मा, कै बिडी!" हात सोडा म्हणून. मी कठडा सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, मधे वाटलं बुडाले, पण पलीकडच्या भिंतीला हात लागला. कमलाक्षी टाळ्या वाजवत होती. आणि त्या क्षणी, तुंगा, मला तू आठवली नाहीस, वेदा आठवली नाही. एकच वाक्य मनात आलं: मी पुण्याला राहायला जाणार नाही. इतकं स्वच्छ, की मी घाबरले. घरी येऊन कमलाक्षीला सांगितलं. ती माझ्या केसांतलं पाणी टॉवेलनं पुसत राहिली. मग म्हणाली, "लेकीला सांग. तिला खोटी आई देऊ नकोस."

म्हणून काल मी तुझ्या समोरच्या पाळणाघराला फोन लावला. एंगेज, एंगेज, मग ती बाई मिळाली. माणसाला फोनवर धरून ठेवायचं कसं, हे मला नाही तर कुणाला येणार? जुलै संपता संपता एक जागा होते आहे. तुझ्या नावानं ठेवायला सांगितली आहे. तुला न विचारता केलं याबद्दल हवं तर आणखी एक शिवी दे. तोवर मी येते, ठरल्या गाडीनंच येते. वेदाला न्हाऊमाखू घालीन, तुझा डबा करीन, रात्री तुला झोपू देईन. पण परतीचं तिकीट काढलं आहे. पुढं दिवाळीला येईन, वेदा आजारी पडली तर त्याच रात्री निघेन. राहायला येणार नाही. तू म्हणशील, आजी असती तर तिनं केलं असतं. केलंच असतं.

हे पत्र मी पोचायच्या आधी तुझ्या हाती पडावं म्हणून आजच टाकते आहे. तुला हवं तेवढं रागावून घे, रड, चार दिवस फोन उचलू नकोस. समोर आल्यावर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. मी स्वतःला ओळखते. वेदा मांडीवर आली, तिनं माझं बोट धरलं, तू दमलेल्या तोंडानं "राहा ना आई" म्हणालीस, की मी पुन्हा हो म्हणेन. खात्रीनं म्हणेन, आणि त्या क्षणी मला ते खरंही वाटेल. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बाळा. माझी बॅग भरून दे आणि मला स्टेशनवर सोड.

तुझीच, ओशाळलेली पण तुझीच,
आई