कोणी राहतं का त्यात?

९ एप्रिल, मंगळवार

ट्वायला आजही घरात आली नाही.

फेब्रुवारीत आमच्या लेकीला, शॉनाला, पुरून आलो, तेव्हा ट्रकमधून उतरून ती थेट अंगणातल्या ट्रेलरमध्ये, ट्रकमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरात, शिरली. काळ्या कपड्यांतच. मला वाटलं, जरा पडेल आणि येईल. तेव्हा अंगणात बर्फ होता. आता गहू हिरवागार झालाय.

जेवण मी दारात नेऊन देतो. ती ‘थँक यू, मर्ल’ म्हणते. वेटरला म्हणावं तसं.

१० एप्रिल, बुधवार

विमा एजंट गेलनचा फोन. घराच्या विम्याचं नूतनीकरण. गेलन शॉनाच्या वर्गात होता, म्हणून आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला. मग म्हणाला, ट्रेलर अजून आहे ना तुमच्याकडे? त्याचा स्वतःचा विमा काढलेलाच नाही तुम्ही.

मी म्हटलं, ट्रकचा आहे की. तो म्हणाला, ट्रकचा विमा ट्रेलर ओढत असताना, तोही फक्त दुसऱ्याचं नुकसान झालं तर. अंगणात उभा असताना गारांनी चेचला, वाऱ्याने उलटला, तर काही नाही. घराच्या विम्यात आतल्या भांड्याकुंड्यांचं थोडंफार मिळेल. ट्रेलरचं नाही.

मग त्याने विचारलं, ‘कोणी राहतं का त्यात?’

कारण पॉलिसीचे दोन प्रकार आहेत म्हणे. एक सुट्टीत हिंडणाऱ्यांचा, एक त्यातच बिऱ्हाड करणाऱ्यांचा. पहिला काढून कोणी आत राहत असेल, तर तो कागद रद्दीत घालायचा.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कोणी राहत नाही.’

१४ एप्रिल, रविवार

चर्चला एकटाच. बायका विचारतात, ट्वायलाला बरं नाही का. मी म्हणतो, सर्दी आहे. दोन महिन्यांची सर्दी!

२३ एप्रिल, मंगळवार

गेलनला अजून उत्तर दिलेलं नाही. सुट्टीतली पॉलिसी काढावी? ती खोटी. बिऱ्हाडाची काढावी? म्हणजे बायको घर सोडून गेली, हे मी माझ्या हाताने लिहून द्यायचं. पैशाचा प्रश्न नाही. एकदा सही केली की ते खरं होणार.

काहीच काढू नये, असंच वाटतं. चार-आठ दिवसांत येईल ती आत. मग प्रश्नच मिटला.

असं मी मार्चपासून म्हणतोय.

२ मे, गुरुवार

आज ट्रेलरच्या पायरीवर बसलो. ट्वायला दाराच्या आत खुर्चीवर. विचारलं, माझ्यावर राग आहे का. तिने फक्त मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे एवढं तरी कळायला हवं होतं.

ट्रेलर आम्ही निवृत्तीसाठी घेतला होता. ट्रकला जोडायचा आणि न्यू मेक्सिकोचे डोंगर बघायचे. एकदाच नेला, तलावापर्यंत. त्या पानगळीत शॉनाचं दुखणं निघालं, ती विचिटा शहरातली नोकरी सोडून घरी आली. पुढच्या खोलीत तिची खाट टाकली. पुढचं दार उघडलं की खाट. मागचं दार उघडलं तरी स्वयंपाकघरातून खाट दिसायची.

खाट दवाखान्याची होती, ते घेऊन गेले. गालिच्यावर चाकांचे चार खड्डे राहिलेत. मी त्यांना वळसा घालून चालतो.

५ मे, रविवार

दुपारी झोपलो. बाकी काही नाही.

१७ मे, शुक्रवार



जेवायच्या सुमारास पश्चिमेला आभाळ हिरवंकाळं झालं. मग गावातला टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. धावत ट्रेलरपाशी गेलो. म्हटलं, चल, तळघरात चल. तळघराचा जिना पुढच्या खोलीतून उतरतो.

ट्वायला उठलीसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, ‘तू जा खाली, मर्ल. माझ्याच्याने ती खोली ओलांडवत नाही.’

म्हटलं, उचलून नेतो. डोळे मीट. ती म्हणाली, ‘डोळे मिटले की जास्त दिसतं.’

तेवढ्यात गारा आल्या. अक्रोडाएवढ्या, मग त्याहून मोठ्या. पत्र्याच्या छपरावर असा आवाज, जसं कोणी कोठारातला सगळा गहू वरून ओततंय. मी आत शिरलो, दार ओढून घेतलं. ट्रेलर चाकांवर डोलत होता. छपराच्या झरोक्याचं झाकण फुटून बिछान्यावर पडलं. दोघं टेबलाखाली बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. मध्ये ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. परत विचारायचं धाडस झालं नाही.

टोर्नेडो उत्तरेकडून निघून गेला.

घरात यायच्याऐवजी मरण आलं तर चालेल तिला. आज ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आता कसली वाट बघायची?

१८ मे, शनिवार

झरोक्यावर प्लायवूड ठोकलं. छपराला खळगेच खळगे. गव्हाची तर वाटच लागलीय सगळीकडे.

२० मे, सोमवार

गारांच्या नुकसानीसाठी गेलन सगळ्या शिवारात फिरतोय. आमच्याकडेही आला. घराचं छप्पर पाहिलं, लिहून घेतलं. मग विचारल्याशिवायच ट्रेलरकडे वळला. मी म्हटलं, त्याचा विमाच नाही, कशाला बघतोस. तो म्हणाला, नुसता बघतो.

दार उघडंच होतं. आत ट्वायलाची औषधं, दोरीवर टॉवेल, शेगडीवर कोबीचं सूप. ती स्वतः काडीसारखी बारीक झालीय, ते गेलनच्या चेहऱ्यावरून मला नव्याने दिसलं.

त्याने टोपी काढली. माझ्याकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाला, ‘मर्लकाका, कोणी राहतं का इथे?’

मी झरोक्यावरचं प्लायवूड बघू लागलो.

‘मी राहते,’ ट्वायला म्हणाली. ‘सूप घेणार का, बाळा?’

गेलनने सूप घेतलं. उभ्याउभ्याच सगळं प्यायला. जाताना मला म्हणाला, ‘काका, पुढच्या वादळाच्या आधी काहीतरी करा. त्यांच्यासाठी करा.’

मी पायरीवर बसून राहिलो. शॉना गेली तेव्हाही मी असा मोकळा रडलो नव्हतो.

२४ मे, शुक्रवार

केली सही. बिऱ्हाडाची पॉलिसी. नाव कुणाचं, गेलनने विचारलं. ट्वायलाचं, मी म्हटलं. ती राहते, तिच्याच नावावर असू दे.

कागद नेऊन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी उभा. वाटत होतं, घटस्फोटाचे कागद मीच आणून दिलेत.

‘रस्त्यावरही चालतो हा विमा?’ तिने विचारलं.

‘चालतो. कुठेही. कुठल्याही राज्यात.’

‘कधीपासून?’

‘आजपासून.’

तिने कागद घडी करून ओट्याच्या खणात ठेवला. म्हणाली, ‘मग उद्या ट्रकला जोडून दे.’

म्हणजे हे असं होतं. ती याचीच वाट बघत होती, आणि मी आपल्या हाताने वाट मोकळी करून दिली. नको कसं म्हणू? इथे राहून ती संपतेय. जाऊ दे. निदान मागे विमा तरी आहे.

२५ मे, शनिवार

सकाळीच जोडला. साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले, टायरमध्ये हवा भरली. जितका वेळ लावता येईल तितका लावला. ट्रकच्या किल्ल्या तिच्यापुढे धरल्या आणि म्हटलं, वळणावर सावकाश घे, मागून ओढ लागते.

तिने किल्ल्या घेतल्या नाहीत. पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला.

‘मी हे धूड कधी चालवलंय, मर्ल?’ म्हणाली. ‘बस लवकर. ऊन होतंय.’

घराला कुलूप लावायचं राहिलं. ते शेजारच्या ओक्लाहोमा राज्याची हद्द ओलांडल्यावर आठवलं. तिला सांगितलं. ती म्हणाली, राहू दे.